मयत उठेपर्यंत

"अवं आयकून घ्या! त्या दिवशी जी बाई घरी बसून भाकरी थापन, तिनं दारूले मत देल्लं! जी म्हनन आज माह्या अंगात कणकण हाये, तिनं बी दारूले मत देल्लं! अन् जी म्हनन मालकाले इचारून येतो, तिचं दयन मी दयतच नाही. जा म्हना, दाताखाली दय!"

ही माझी आई, शेवंताबाई चक्कीवाली. दयन म्हणजे दळण. आमच्याकडे ळ फार टिकत नाही, बहुतेक चक्कीतच जातो. चक्की चालू होती, पट्टा फटफटत होता, ज्वारीचे डबे घेऊन बाया ओळीने बसल्या होत्या, आणि त्या सगळ्या गदारोळाच्या वरून आईचा आवाज रेल्वेलाईनच्या पलीकडच्या वावरात तुरी सोंगणाऱ्यांना ऐकू जात होता. चांदूर रेल्वेच्या स्टेशनावर गाड्यांची घोषणा करणाऱ्या माणसाने एकदा आईला बाजारात भाव करताना ऐकलं आणि राजीनामा दिला, असं गावात म्हणत. मी तो राजीनामा पाहिलेला नाही. पण त्या माणसाला पुढे स्टेशनाबाहेर भजी तळताना पाहिलं आहे, म्हणजे काहीतरी झालं असणारच.

चक्कीवाल्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. आमच्याकडे गुपितंसुद्धा ओरडून सांगत. माझ्या लग्नाची पहिली बोलणी आईबाबांनी 'कोनाले समजू द्याचं नाही' असं ठरवून केली, आणि दिवेलागणीला शेजारच्या गावातून एक म्हातारी पोरगा कसा आहे ते सांगायला आली. आजही अमरावतीत आमच्या खालच्या मजल्यावरचे गृहस्थ विचारतात, की तुम्ही लेकीशी बोलता तेव्हा फोन कशाला लावता. पुढच्या खोलीत चक्की आणि मागच्या खोलीत आम्ही, मध्ये गोणपाटाचा पडदा. पीठ हवेतच असायचं. वरणावर पिठाची साय, चहाला ज्वारीचा वास, आंबाडीच्या भाजीत कण्या घालायची तर गरजच नाही. बाबांच्या भुवया सकाळी आंघोळीनंतर काळ्या असत आणि दुपारपर्यंत म्हाताऱ्या होत. ते फारसे बोलत नसत. आमच्या घरात बोलायला जागाच उरलेली नव्हती. संध्याकाळी चक्की थांबली की कानाला भलंमोठं भोक पडल्यासारखं वाटे, आणि त्या भोकातून पहिला आवाज येई तो शेठच्या दुकानाचा. हसणं, शिव्या, बाटल्यांचे क्रेट घसटल्याचा खडखडाट.

शेठचं दुकान म्हणजे एसटीच्या थांब्याजवळचं सरकारमान्य देशी दारूचं दुकान. शेठ गावातला सर्वांत नम्र माणूस. लहान पोरीलाही 'ताई' म्हणायचा, कोणाच्या घरी बारसं असो की बारावं, हात जोडून हजर. त्याचं दुकान बंद करायचा रस्ता कायद्यात होता, पण कायदा मोठा चावट. गावातल्या बायांनी मत द्यायचं, चिठ्ठीवर दोन बाटल्या, एक उभी, एक आडवी. उभीवर शिक्का म्हणजे दुकान राहू द्या, आडवीवर शिक्का म्हणजे बंद करा. इथवर सोपं. पण आडव्या बाटलीला मतं हवीत ती यादीतल्या एकूण बायांच्या अर्ध्याहून जास्त. आलेल्या बायांच्या नव्हे, यादीतल्या. म्हणजे जी आली नाही ती उभ्या बाटलीच्या बाजूची. मतदार यादीत तर लग्न होऊन गेलेल्या लेकी होत्या, वर्षश्राद्ध झालेल्या म्हाताऱ्या होत्या. त्या म्हाताऱ्यांना आणायची काही सोय नव्हती. आईने तोही विचार केला असेल, मी सांगू शकत नाही.

आईने हे का अंगावर घेतलं, तर गजूमुळे. गजू आमच्या गल्लीतला, मंदाचा नवरा, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा. न प्यायलेला गजू हा अमरावती आणि अकोला दोन्ही जिल्ह्यांतला सर्वांत गमत्या माणूस, हे मी जबाबदारीने लिहिते. तो तलाठ्याची नक्कल करी, कोंबड्याची करी, आणि कोंबड्याला शिव्या देणाऱ्या तलाठ्याचीही करी. एकदा त्याने चक्कीच्या दारात उभं राहून आईचा आवाज असा काढला की बाबा मागच्या खोलीतून "आलो, आलो" म्हणत अर्ध्या दाढीने धावत आले. प्यायलेला गजू वेगळा. मंदा ज्वारीचा डबा ठेवून पाण्याला गेली की तो यायचा, "काकू, दयन घेऊन जातो" म्हणायचा, आणि अर्धं पीठ वाटेतच कोणाला तरी विकून दुकानात जायचा. घरी उरलेल्या पिठात मंदा पाणी जास्त घालून पानगे करी आणि सासू-लेकरांना वाढी. आईला हे कळलं त्या दिवशी तिने गजूला चक्कीच्या जुन्या पट्ट्याने झोडपलं. तो पळाला नाही. भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "मारून घ्या काकू. पन माह्यानं होत नाही वं. दुकानासमोरून गेलो का पाय आपसूक तिकडेच वयतात. तुमी ते दुकानच उठवा नं." आईने पट्टा खाली टाकला. मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा काहीच न ओरडता उभी राहिलेली पाहिली.

त्यानंतर आमची चक्की म्हणजे प्रचाराची कचेरी झाली. आई पत्र्याच्या झाकणावर पीठ भुरभुरवायची आणि बोटाने दोन बाटल्या काढायची. दळणाला आलेल्या प्रत्येक बाईने आडव्या बाटलीवर अंगठा उठवायचा, तरच डबा चक्कीच्या तोंडाशी जायचा. "दोन्ही बाटल्या रिकाम्याच दिसून राह्यल्या वं शेवंता," म्हणून एका म्हातारीने तक्रार केली. दुसरीने उभीवर अंगठा ठेवला आणि वर म्हणाली, "आडवी ठेवली तर सांडन नं." तिला आईने तीन वेळा पुन्हा रांगेत बसवलं. मी तेव्हा नुकती मतदार झाले होते, माझ्या गळ्यात आईचा आवाज आलेला होताच. आम्ही दोघी आणि मंदा, अशा तिघी घरोघर जायचो. मंदा काडीसारखी, कधी मान वर न करणारी. पण या कामात ती अशी पेटली की विचारू नका. बाई चुलीपाशी असली तर मंदा चुलीपाशी जाऊन बसे, तिच्या भाकरी भाजून देई, आणि शेवटची भाकर तव्यावरून उतरेपर्यंत तिच्याकडून शब्द घेई. बौद्ध मोहल्ल्यातल्या बायांना तर समजवायची गरजच पडली नाही. त्यांची अंगणवाडीताई म्हणाली, "शेवंताबाई, आमच्याकडची एक बाई घरी राहनार नाही. तुमी तुमची भावकी सांभाळा." भावकी म्हणजे गावातलं एकाच आडनावाचं मोठं कुळ, अर्धं गाव तेच, गजूही त्यातलाच. आम्ही त्यात नव्हतो. आजोबा चक्की बैलगाडीत घालून बाहेरून आलेले, त्यामुळे पन्नास वर्षं गावात राहूनही आम्ही पाहुणेच.

खरी अडचण लेकींची. आमच्याकडे लग्न झालेली लेक उठली आणि एसटीत बसून माहेरी आली असं होत नाही. भावाने घ्यायला जावं लागतं. भावाशिवाय आलेल्या लेकीला सासरचे टोमणे मारतात, आणि माहेरचेही विचारतात, भांडून आलीस का. म्हणजे दारू बंद करायला ज्या लेकी हव्यात त्यांना आणायला कोण जाणार, तर त्यांचे भाऊ. आणि भाऊ म्हणजे शेठचं गिऱ्हाईक. आईने एकेकाला चक्कीच्या दारात अडवून, आयाबहिणींच्या शपथा घालून पिटाळलं. एक जण अकोल्याहून बहीण घेऊन आला, पण ती त्याची नव्हती, मित्राची होती. स्वतःच्या बहिणीच्या घरी जायची त्याला लाज वाटली म्हणे. दुसरा वरुडला गेला, तिथे मेहुण्याने त्याचं इतकं आदरातिथ्य केलं की तो संत्र्यांचं पोतं घेऊन परत आला आणि बहीण तिथेच विसरला. आईने ती संत्री खाल्ली आणि त्याला परत पाठवलं. अशा करत लेकी येत गेल्या. गाव ऐन अवेळी, लेकी माहेरी येतात त्या आखाजीच्या सणासारखं भरलं. दारोदार रोडगे भाजले जात होते, वांग्याच्या भाजीची तर्री वाहत होती, आणि ज्या पोरींना आणलं होतं दारू बंद पाडायला, त्यांच्या पाहुणचाराच्या निमित्ताने नवरे-भाऊ संध्याकाळी दुकानातून झुलत परत येत होते.

गजूची बहीण कमल तिकडे धारणीला दिलेली. मेळघाटातला रस्ता, तोही कधी असतो कधी नसतो. तिला आणायला गजूनेच जायचं होतं. आईने त्याला धुतलेला सदरा घालून, भाकर-ठेचा बांधून थांब्यावर नेलं, आणि "कमलले घेतल्याबिगर तोंड दाखवू नको" असं बजावून ती परतली. ही तिची चूक. तिने एसटी येईपर्यंत तिथे थांबायला हवं होतं. थांबा दुकानासमोर आहे, हे आईएवढं कोणाला माहीत होतं? पण त्या दिवशी रांगेत बाया खोळंबल्या होत्या. गजू एसटीत चढलाच नाही.

मतदानाच्या आदल्या दिवशी दुकान कायद्याने बंद होतं. मागचं दार कायद्याला दिसत नाही. रविवारी तांबडं फुटताना मंदा नवऱ्याला उठवायला गेली आणि तो उठला नाही.

तिची किंकाळी आम्ही ऐकली तेव्हा आई डोक्याला तेल लावून, नवं लुगडं नेसून मतदानाला शाळेकडे निघायच्या तयारीत होती. आम्ही धावलो. गजूच्या तोंडावर असा भाव होता की तो कोणाची तरी नक्कल करतोय आणि आत्ता हसेल. आई त्याच्या पायाशी बसली आणि रडली. मग बाहेर आली, शाळेकडे पाहिलं, आणि माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मला कळलं नाही. तिला कळलं होतं.

आमच्याकडे मयताला येऊन बसलेली बाई मयत उठेपर्यंत उठत नाही. उठलीच तर माणसं म्हणतात, हिला एवढी कशाची घाई होती. आणि ते कायम म्हणतात. तिच्या पोरीच्या सोयरिकीच्या वेळी म्हणतात, ती स्वतः मेल्यावर म्हणतात. मयत उठल्यावरही घरी जाऊन आंघोळ केल्याशिवाय कुठे पाऊल टाकायचं नाही. आणि गजूच्या आईने, द्वारकाबाईंनी, सकाळीच सांगितलं होतं: "माह्या कमलनं भावाचं तोंड पाह्यल्याबिगर मयत उठवाचं नाही." एकच भाऊ, एकच बहीण. कोण काय बोलणार? धारणीला फोन गेला. तिकडून निघायला त्या वेळी गाडी नव्हती. तेव्हा शेठ हात जोडून अंगणात आला, डोळे पुसले, आणि म्हणाला, "माही जीप घेऊन जा. पोरीले घेऊन या." सगळ्यांनी मान डोलावली. माणूस असावा तर असा.

त्याने जीप का पाठवली हे मी आजही सांगू शकत नाही. इतर काहीही विचारा, तिखटमीठ लावून सांगेन. पण याला लावायला माझ्याकडे मीठ नाही.

शाळेत दहाच्या आत बौद्ध मोहल्ल्यातली शेवटची बाई बोटाला शाई लावून मोकळी झाली. बाळंतीण खाटेवर आली, एक आंधळी म्हातारी नातीचा खांदा धरून आली. पाटलाच्या गढीकडल्या, बाजारातल्या, बाहेरून आलेल्या जातींच्या बाया आल्या. आणि मग वऱ्हांडा रिकामा झाला. साहेब लोक जांभया देऊ लागले. सगळी भावकी, सुना, सासवा, अकोल्यावरून-वरुडवरून शपथा घालून आणलेल्या लेकी, सगळ्या गजूच्या अंगणात. आईने तापाचा विचार केला होता, पावसाचा केला होता, नवऱ्यांचा तर केलाच होता. ती शाळेच्या फाटकापासून गजूच्या दारापर्यंत आणि परत, अशा खेपा घालत राहिली. ऊन कलायला लागलं. जीपचा पत्ता नाही. आई शेवटी अंगणात शिरली आणि द्वारकाबाईंच्या कानाशी वाकली. तिला हळू बोलायचं होतं हो. पण जन्मभर चक्कीशी भांडलेला गळा. तिची कुजबुज अख्ख्या अंगणाने ऐकली.

"द्वारके, बायांयले जाऊ दे. आंघोळ करतीन, शिक्का मारतीन, परत येऊन बसतीन. हे त्याच्याचसाठी हाये वं."

रडणं थांबलं. द्वारकाबाईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही. "म्या कोनाले बांधून ठेवलं? जाचं त्यानं जा."

अंगणात कोणी हललं नाही. मागून एक बाई म्हणाली, "तिले काय होते, ते थोडीच भावकीतली हाये." दुसरी म्हणाली, "पोरगा पडला हाये समोर, अन् हिले मतं दिसून राह्यले." आई तशीच वाकलेली. मग हळूहळू सगळ्यांची नजर मंदाकडे गेली. ती गजूच्या उशाशी बसून पदराने माश्या हाकत होती. ती उठली असती तर कोणाची बिशाद होती बसून राहायची? आणि कोणाची बिशाद होती उठलीला बोलायची?

आता इथे मला थाप मारायची फार इच्छा आहे. ही गोष्ट मी लग्नांत सांगितली, बायांच्या मेळाव्यांत सांगितली, एकदा अकोल्याला मोठ्या हॉलमध्ये माइकवर सांगितली, आणि दर वेळी मंदाला उठवलं. मोकळ्या केसांनी, अनवाणी, ती गजूच्या अंगणातून निघते, तिच्या मागे साऱ्या बाया, ओल्या लुगड्यांची रांग शाळेपर्यंत, आणि साहेब खुर्चीतून उभे राहतात. अकोल्याला लोक रडले. टाळ्या थांबेनात. मीही रडले. पण लिहायला बसलं की शाई अशी लबाडी करू देत नाही, का कोण जाणे. मंदाने आईकडे पाहिलं. ओळखीचं माणूस दिसावं तसं पाहिलं. आणि पुन्हा पदर हलवायला लागली.

पाच वाजता शाळेचं दार बंद झालं. त्यानंतर थोड्याच वेळात जीप आली. दोनदा पंक्चर झाली म्हणे. घाटातला रस्ता पाहता होऊही शकते. कमलने भावाच्या छातीवर जो हंबरडा फोडला तो मी कधी कोणाला नक्कल करून दाखवला नाही. मयत उठलं. शेठने खांदा दिला. त्याचे डोळे खरंच ओले होते.

उभ्या बाटलीवर शिक्के मारलेल्या बाया हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच निघाल्या, आणि तरी उभीच जिंकली. साहेबांनी सांगितलं, आता इतक्यात पुन्हा मतदान मागता येणार नाही. बौद्ध मोहल्ल्यातली अंगणवाडीताई निकाल ऐकून आमच्या दारावरून न थांबता गेली. तिने थांबून चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. लेकी एकेक करून परत गेल्या. त्यांना पोचवायलाही भाऊच गेले, आणि तिथून येताना थांब्यावर उतरले. आमची चक्की पूर्वीसारखीच चालत राहिली, पण तिच्या वरून कोणी ओरडत नव्हतं. मला दिवसभर कान बधिर झाल्यासारखं वाटे. बाबा मधूनच गोणपाट बाजूला करून पाहत, आई आहे ना. माझी लेक हल्ली मतदान करून आली की शाई लावलेल्या बोटाचा फोटो पाठवते. मी लगेच फोन करून तिचं कौतुक करते, एवढ्या जोरात की खालच्या मजल्यापर्यंत जावं.

गजूचं तेरावं होऊन गेल्यावर मंदा चक्कीवर आली. डोक्यावर ज्वारीचा डबा, कपाळ मोकळं. रांगेतल्या बायांनी तिला पुढे जाऊ दिलं. आईने डबा उतरवून घेतला, पण ज्वारी ओतली नाही. तिने हात लांब करून चक्की बंद केली. पट्टा फटफटत फटफटत थांबला. रांगेत दळणं असताना आईने चक्की बंद केल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. आणि त्या भोकासारख्या शांततेत तिने, अगदी हळू, विचारलं,

"मंदे, तू उठली असतीस तं साऱ्या उठल्या असत्या वं. काहून नाही उठलीस?"

मंदाने डब्याचं झाकण काढून आईच्या हातात दिलं.

"माह्या घरचा तं आता पेत नाही ना, काकू," ती म्हणाली. "जरा बारीक दयजा."